नादार उभे राहा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त वकिलांनी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते, कोर्टातले माझे जुने सोबती आणि मंडळी,

आपल्याकडच्या कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फ्रेम टांगलेली असते. अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. आपण ते वाचलंय, पाठ केलंय, स्नेहसंमेलनात म्हटलंय. ते लिंकननं लिहिल्याचा कुठलाही पुरावा नाही. पत्र चांगलं आहे, राहू दे भिंतीवर. पण लिंकनच्याच काळातला, पुढे त्याच्याच पक्षात आलेला एक वकील असा होता, की त्यानं शाळेसाठी खरोखर भाषण केलं आणि एका अख्ख्या राज्याच्या शाळा वाचल्या. त्याचं नाव थॅडियस स्टीव्हन्स. त्याची एक ओळसुद्धा मी आपल्याकडच्या कुठल्या भिंतीवर पाहिलेली नाही. म्हणून आज उभा आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'गेटिसबर्गच्या कोर्टापासून चौदाव्या घटनादुरुस्तीपर्यंत'. अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते ६५, गुलामगिरी, उत्तर आणि दक्षिण, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. समोर निम्मे मास्तर आणि निम्मे वकील बसलेत, तेव्हा धरायला हरकत नाही.

तर स्टीव्हन्स. जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिल गावचा. एक पाऊल जन्मतःच आत वळलेलं, त्यामुळे आयुष्यभर लंगडत चालला. बाप जोडे शिवायचा आणि शेती करायचा, पण संसार टाकून निघून गेला. चार मुलगे आणि एकटी आई. सेरा तिचं नाव. थोरल्या मुलाची तर दोन्ही पावलं वाकडी. या बाईनं काय केलं, तर पीचम नावाच्या शेजारच्या गावात चांगली शाळा होती म्हणून बिऱ्हाड तिकडे हलवलं. शाळेसाठी गाव सोडणारी आई आपल्याला नवीन नाही. या सभागृहात अशा आयांची मुलं बरीच असतील. त्या शाळेतून तो डार्टमथ कॉलेजात गेला, १८१४ ला पदवी घेतली आणि पेनसिल्व्हेनियात यॉर्क नावाच्या गावी मास्तर झाला.

तेव्हा वकील होण्यासाठी लॉ कॉलेज लागत नसे. एखाद्या वकिलाच्या हाताखाली कायदा वाचायचा आणि परीक्षा द्यायची. हा दिवसा मुलांना शिकवायचा, रात्री कायदा वाचायचा. यॉर्कच्या वकीलमंडळींनी नियम केला, की दुसरा व्यवसाय करत करत कायदा वाचणाऱ्याला सनद नाही. बारमधल्या मंडळींनी हसू नये, असे नियम कुणासाठी होतात ते आपल्याला कळतं. हा गडी घोड्यावर बसून राज्याची सीमा ओलांडून मेरीलँडमधल्या बेल एअरला गेला, तिथे परीक्षा दिली. परीक्षक मंडळींसमोर माडेरा दारूच्या बाटल्या ठेवाव्या लागल्या, अशी गोष्ट सांगतात. सनद मिळाली आणि १८१६ मध्ये यानं पेनसिल्व्हेनियातल्याच गेटिसबर्गला वकिली मांडली.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ज्याच्याबद्दल मी इतक्या प्रेमानं बोलणार आहे त्याचा हा डाग आहे आणि तो झाकला तर मी खोटं बोललो असं होईल. पेनसिल्व्हेनियात कायदा असा होता, की बाहेरच्या राज्यातल्या मालकानं गुलाम आणून सहा महिने ठेवला, तर तो गुलाम मोकळा. चॅरिटी बटलर नावाची एक काळी बाई होती. तिला मेरीलँडमधून कामासाठी वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात आणलं जाई. आल्याचे सगळे दिवस मोजले तर सहा महिन्यांच्या वर भरत होते. तिनं दावा लावला, मी आणि माझी लेकरं मोकळी आहोत. मालकाच्या बाजूनं वकील कोण? थॅडियस स्टीव्हन्स. त्यानं मुद्दा काढला, की सहा महिने सलग हवेत, तुकडे जोडून चालणार नाही. १८२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो मानला. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामीत परत गेली.

मंडळी, मुदतीच्या मुद्द्यावर दावा उडवणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम आहे. मी चाळीस वर्षं ते केलंय. मुदतीचा मुद्दा सुचला की वकिलाला जो आनंद होतो तो वकिलालाच ठाऊक. पण त्या तारखांच्या हिशेबाखाली एक बाई होती. 'अशिलाचं काम केलं' एवढं म्हणून मी त्याला सोडणार नाही, कुणी सोडूही नये. त्यानं स्वतःला सोडलं का, ते त्याच्या वागण्यावरून बघा. दोन वर्षांनी, १८२३ च्या चार जुलैच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, मेजवानीत त्यानं प्याला उचलून शुभेच्छा दिली ती अशी : पुढचा राष्ट्राध्यक्ष असा स्वतंत्र माणूस असो, की ज्यानं कुणा गुलामाच्या पायात बेडी ठोकलेली नाही. आणि त्यानंतर पळून आलेल्या गुलामांची प्रकरणं त्यानं उलट बाजूनं लढवली.

१८३३ मध्ये तो राज्याच्या विधानसभेत निवडून गेला. राजधानी हॅरिसबर्ग. आणि इथे मी आज जे सांगायला आलोय ते सुरू होतं.

पेनसिल्व्हेनियात १८०९ चा एक कायदा होता. गरिबांच्या मुलांना फुकट शिक्षण. ऐकायला किती छान! पण रीत बघा. करवसुलीसाठी घरोघर फिरणारा असेसर असायचा. त्यानं पाच ते बारा वर्षांच्या ज्या मुलांच्या आईबापांना फी परवडत नाही त्यांची यादी करायची. बापानं त्याच्यासमोर सांगायचं, मी गरीब आहे. मग ते नाव यादीत जाणार, यादी मास्तरकडे जाणार, आणि त्या मुलाची फी सरकार भरणार. वर्गात बाकीची मुलं फी भरणारी, हा यादीतला. हजारो आईबापांनी यादीत नाव दिलं नाही. मुलं अडाणी राहिली, पण 'गरीब' म्हणून लिहून दिलं नाही.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. का, ते सांगतो. थोडं माझं आहे, ऐकून घ्या.

माझे वडील शिंपी. आठवडी बाजारात मशीन घेऊन बसायचे. मी हायस्कुलात गेलो तेव्हा फी होती, आणि आमच्यासारख्यांना 'नादारी' होती. इथल्या पन्नाशीच्या आतल्यांना हा शब्द माहीत नसेल. नादार म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. नादारी मिळाली म्हणजे फी माफ. पुढे ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, आली, फॉर्म बदलला, शब्द मात्र तोच राहिला. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, त्यावर शिक्का, वडिलांचा अंगठा किंवा सही. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे तांबड्या शाईनं 'ना.' लिहिलेलं होतं. मास्तर माझ्या बाकाशेजारी उभे राहून हजेरी घ्यायचे, त्यामुळे मला ते दिसायचं. सत्राच्या सुरुवातीला ऑफिसातून कारकून यायचा, यादी हातात. आणि मास्तर म्हणायचे, "नादार उभे राहा."

आम्ही सात जण उभे राहायचो. कारकून बोटानं मोजायचा. कधी संख्या जुळायची नाही, मग पुन्हा मोजायचा. वर्गात पन्नासेक मुलं. त्यांतल्या निम्म्यांच्या अंगातले शर्ट माझ्या वडिलांनी शिवलेले. ते शर्ट बसलेले असायचे आणि मी उभा.

मास्तर वाईट नव्हते. त्यांनी मला पदरची पुस्तकं दिली, त्यांच्यामुळे मी शिकलो. कारकूनही वाईट नव्हता. रीतच तशी होती. फायदा घ्यायचा तर उभं राहा.

माझ्या बाकावर एक मुलगा होता. गणितात माझ्यापेक्षा हुशार. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी. तो आठवीत आलाच नाही. मला वाटलं, पैशामुळे. चाळीस वर्षांनी तो माझ्याकडे आला, जमिनीच्या वाटपाचं काम घेऊन. वकीलपत्रावर सही करताना पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढलं. मी म्हटलं, अरे तू तर गणितात पहिला असायचास, शाळा का सोडलीस? तो मला 'वकीलसाहेब' म्हणाला. एका बाकावर बसलेला माणूस. म्हणाला, "वकीलसाहेब, फी तर माफच होती. उभं राहवत नव्हतं."

पाणी घेतो जरा.

तर १८३४. पेनसिल्व्हेनियानं नवा कायदा केला. गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांनी १ एप्रिलला त्यावर सही केली. आता यादी नाही, असेसर नाही, दाखला नाही. गावागावात एक शाळा, सगळ्यांच्या करातून चालणारी, सगळ्यांच्या मुलांसाठी. श्रीमंताचं पोर आणि मोलकऱ्याचं पोर एकाच दारातून आत जाणार, आणि कुणाच्याही नावापुढे काही लिहिलेलं नसणार.

राज्य पेटलं. श्रीमंत शेतकरी म्हणाले, आमची मुलं शिकली, दुसऱ्याच्या मुलांसाठी कर का भरू? जर्मन बोलणारी मोठी वस्ती होती, त्यांच्या चर्चच्या स्वतःच्या शाळा होत्या, आपल्या भाषेतल्या. त्यांना वाटलं ही सरकारी इंग्रजी शाळा आपली भाषा खाणार. ही भीती खोटी नव्हती, मराठी माणसानं तरी तिला हसू नये. पण कर नको म्हणणारे त्या भीतीमागे दडले होते. पुढच्या निवडणुकीत कायद्याच्या बाजूनं मत दिलेले कितीतरी आमदार पडले. नव्या सभागृहात कायदा रद्द करण्याच्या बाजूनं अर्जांचे गठ्ठे येऊन पडले. सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, रद्द करण्याला मंजुरी दिली. आता विधानसभेत फक्त उपचार बाकी होता.

११ एप्रिल १८३५. स्टीव्हन्स उभा राहिला.

त्याच्या जिभेबद्दल एक गोष्ट सांगतो म्हणजे कोण उभं राहिलं ते कळेल. ही बऱ्याच पुढची आहे. लिंकननं सायमन कॅमेरॉन नावाच्या पेनसिल्व्हेनियाच्याच पुढाऱ्याला मंत्री करायचं ठरवलं आणि स्टीव्हन्सला विचारलं, माणूस हातानं स्वच्छ आहे ना? स्टीव्हन्स म्हणाला, लालभडक तापलेली शेगडी काही तो चोरणार नाही. लिंकनला गंमत वाटली, त्यानं ते कॅमेरॉनच्या कानावर घातलं. कॅमेरॉन भडकला, म्हणाला शब्द मागे घ्या. स्टीव्हन्स लिंकनकडे गेला आणि म्हणाला, मी म्हटलं होतं तो तापलेली शेगडी चोरणार नाही. ते मी मागे घेतो.

हं, हसलात. हाच माणूस त्या दिवशी शाळेवर बोलताना एकदम वेगळ्या सुरात बोलला. त्यानं आधी जुन्या १८०९ च्या कायद्यावर बोट ठेवलं. म्हणाला, जन्मावरून ठरलेली उच्चनीचता वाईटच आहे, पण गरिबीवरून ठरलेली त्याहून कितीतरी वाईट. त्या कायद्याचं नाव खरं असं हवं होतं : 'गरिबांना डाग देण्याचा कायदा, म्हणजे श्रीमंत आणि गर्विष्ठ लोकांपासून ते वेगळे ओळखू येतील.'

डाग देणे. आपल्याकडे बैलाला देतात तसा. माझ्या हजेरीपटावरच्या तांबड्या 'ना.'ला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही, आणि तो शब्द माझ्या जन्माच्या सव्वाशे वर्षं आधी एक लंगडा वकील बोलून गेला होता.

मग तो कर नको म्हणणाऱ्यांकडे वळला. स्वतः अविवाहित, मूलबाळ नाही, म्हणजे त्याच्या खिशातूनही दुसऱ्याच्या मुलांसाठीच पैसे जाणार होते. तो म्हणाला, तुम्ही तुरुंगासाठी कर भरता की नाही? तिथे तुम्ही राहायला जाता का? कोर्टासाठी भरता, तुमच्यावर कुठे खटला आहे? गुन्हेगाराला पोसायला आणि शिक्षा करायला तुम्ही हसत पैसे देता, आणि कुणी गुन्हेगार होऊ नये म्हणून पैसे मागितले की ओरडता. वकिलाचा युक्तिवाद आहे हा, प्रतिपक्षाच्याच कबुलीजबाबातून काढलेला. आणि एक काम त्यानं असं केलं, की ते करायला मोठं मन लागतं. गव्हर्नर वुल्फ हा त्याचा राजकीय वैरी. स्टीव्हन्सचा पक्ष फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघटनेच्या विरोधात उभा, आणि वुल्फ स्वतः फ्रीमेसन. त्याच वुल्फचं त्यानं भर सभेत नाव घेऊन कौतुक केलं, की या कायद्याच्या बाबतीत हा माणूस बरोबर आहे.

मतं फिरली. विधानसभेनं कायदा राखला, सिनेटलाही मागे यावं लागलं. रेडिंग गावच्या बायकांनी ते भाषण रेशमी कापडावर छापून घेऊन त्याला भेट दिलं. मला ते रेशीम एकदा हात लावून बघायचं आहे. ज्या बायकांना मताचा अधिकार नव्हता त्यांनी ते छापून घेतलं होतं.

आता या भाषणाचं आणि आपलं नातं. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. स्टीव्हन्सला जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. जोतीरावांनी स्टीव्हन्सचं भाषण वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं ते त्या भाषणाशेजारी ठेवून वाचा. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बारा वर्षांपर्यंत. दोन माणसं, दोन समुद्रांपलीकडे, तिजोरीकडे बघून एकच प्रश्न विचारतात : पैसा कुणाचा, शाळा कुणाची? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. तिथे त्या दिवशी मतं फिरली नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानापुरतं करून दाखवलं. देशाच्या घटनेत शिक्षणाच्या हक्काचं कलम २१-क यायला २००२ उजाडलं, शिक्षणहक्काचा, म्हणजे आरटीई, कायदा व्हायला २००९. आणि त्या कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांना काही ठिकाणी 'आरटीईवाले' म्हणतात. बाई, तुम्ही मान हलवताय. तुम्ही ऐकलंय ना? तांबडी शाई गेली, एवढंच.

चिठ्ठी आलीय. बारा मिनिटं उरलीत. आणि पत्रिकेवरचा विषय अजून पुढेच आहे. तर आता भरभर.

१८३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियानं नवी राज्यघटना केली आणि मताधिकारात 'गोरा' हा शब्द घातला. स्टीव्हन्स त्या घटनासमितीत होता, त्यानं सही केली नाही. पुढे लोखंडाच्या कारखान्यात कर्जबाजारी झाला, १८४२ मध्ये लँकेस्टरला येऊन वकिली पुन्हा उभी केली, कर्ज फेडत राहिला. तिथे त्याचं घर सांभाळणाऱ्या लिडिया हॅमिल्टन स्मिथ, मिश्र वंशाच्या विधवा बाई, पुढे स्वतः उत्तम व्यवसाय करणाऱ्या. त्याच्या मागे ते घर त्यांनीच विकत घेतलं. अलीकडे त्या जागेत उत्खनन झालं तेव्हा पाण्याचं एक जुनं टाकं सापडलं, पळून आलेल्या माणसांना लपवण्यासाठी बदल केलेलं असावं असं अभ्यासक मानतात.

१८४९ मध्ये तो काँग्रेसमध्ये गेला, म्हणजे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात. १८५१ ला क्रिस्तियाना गावी गुलाम पकडायला आलेला मेरीलँडचा मालक चकमकीत मारला गेला आणि ३८ जणांवर देशद्रोहाचा खटला भरला. पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे नावाचा गिरणीवाला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स. ज्युरीनं पंधरा मिनिटांत निर्दोष सोडला. त्याच राज्यात, तीस वर्षांपूर्वी, चॅरिटी बटलर हरली होती. यापुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

१८५३ मध्ये बाहेर, १८५९ मध्ये पुन्हा आत, आता रिपब्लिकन. युद्धाच्या काळात वेज अँड मीन्स समितीचा अध्यक्ष, म्हणजे युद्धाचा पैसा उभा करणारा माणूस. १८६३ मध्ये दक्षिणेच्या फौजेनं त्याचा तो लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला. त्याची काळजी काय, तर तिथल्या कामगारांच्या कुटुंबांचं कसं होणार. ३१ जानेवारी १८६५ ला तेरावी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ नं मंजूर झाली, त्याच वर्षाअखेर राज्यांची मान्यता मिळाली आणि गुलामगिरी संपली.

पण स्टीव्हन्सला ठाऊक होतं, की बेडी काढली म्हणजे माणूस उभा राहिला असं होत नाही. सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरला त्यानं मागणी केली, की बंडखोर बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ माणसाला चाळीस एकर द्या. कूळकायद्याची प्रकरणं चालवलेल्या इथल्या वकिलांना हे समजावून सांगायला नको. जमीन मालकाची राहिली तर मत देणारा हातही मालकाचाच राहतो. ते झालं नाही, आणि माझ्या मते अमेरिकेचं पुढचं शंभर वर्षांचं दुखणं त्या न झालेल्या गोष्टीत आहे. यावर वेगळं व्याख्यान लागेल.

चौदावी दुरुस्ती. पहिल्या कलमाचा मसुदा मुख्यतः प्रतिनिधिगृहातल्याच जॉन बिंगहॅमचा, प्रतिनिधिगृहात लढवली स्टीव्हन्सनं. कुठलंही राज्य कुणाही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. आपल्या घटनेचं कलम १४ उघडा, 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द तिथूनच आले आहेत. दोन्हीकडे चौदा हा योगायोग, शब्द हा योगायोग नाही. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकून आलेले, त्यांना तो इतिहास तळहातासारखा ठाऊक. आणि मी एवढंच म्हणतो, जे आज सांगायला आलो ते हेच, की या शब्दांपर्यंत येणारी स्टीव्हन्सची वाट १८३५ च्या त्या शाळेच्या भाषणातून गेलेली आहे. कायद्यानं माणसाला डाग देऊ नये. आधी गरिबाच्या पोरासाठी म्हणाला, मग काळ्या माणसासाठी.

१३ जून १८६६ ला त्या दुरुस्तीवर शेवटचं मतदान होतं. काळ्या माणसांच्या मताधिकाराची हमी त्यात नव्हती. ७४ वर्षांचा म्हातारा उठून म्हणाला, की मी स्वप्न पाहिलं होतं, आपल्या सगळ्या संस्था नव्यानं घडवायचं, ते विरून गेलं. आता जुन्या इमारतीच्या सर्वांत मोडक्या भागांना ठिगळं लावण्यावर समाधान मानावं लागणार. मग हे अपुरं का स्वीकारतो? 'कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.' १२० विरुद्ध ३२. ९ जुलै १८६८ ला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली.

लिंकनच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनवरचा महाभियोग दोन वाक्यांत. २४ फेब्रुवारी १८६८ ला प्रतिनिधिगृहानं १२६ विरुद्ध ४७ नं आरोप ठेवले, १६ मे ला सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ झाले, दोन तृतीयांशांना एक मत कमी पडलं. स्टीव्हन्सला तेव्हा चालवत नव्हतं, दोन तरुण त्याला खुर्चीत बसवून उचलून आणायचे, आणि तो त्यांना विचारायचा असं सांगतात, "पोरांनो, तुम्ही दोघं मेल्यावर मला कोण उचलणार?"

घंटा झाली. एकच गोष्ट.

११ ऑगस्ट १८६८ ला मध्यरात्रीच्या सुमारास तो गेला. लँकेस्टरमधल्या बड्या स्मशानभूमीत काळ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून त्यानं श्राइनर नावाची लहानशी जागा निवडून ठेवली होती, जिथे सगळ्यांना पुरत. तसं थडग्यावर लिहूनही ठेवलं. मृत्युपत्रात अनाथ मुलांच्या आश्रमाची तरतूद केली, आणि अट घातली की वंश, रंग बघायचा नाही. आज तिथे त्याच्या नावाचं तंत्रशिक्षणाचं कॉलेज आहे. आणि त्याच मृत्युपत्रात आणखी एक कलम आहे. पीचमला आईचं थडगं आहे. तिथल्या स्मशान राखणाऱ्यासाठी त्यानं पैसे ठेवले, थडगं नीट राखायचं, आणि दर वसंतात त्याच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि हसरी फुलं लावायची.

थांबतो. अध्यक्ष महाराज, वेळ खाल्ला, क्षमा असावी.